तरुण संघाची आचारसंहिता: गुण वर आणि नियम खाली, असे का झाले?

वाचकाचे पत्र

“सप्रेम जय ख्रिस्त. अहिल्यानगर जिल्ह्यातील एका ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघाची मी सचिव आहे. आमच्या संघात पंधरा ते अठ्ठावीस वर्षे वयाची चाळीसेक मुले-मुली आहेत. गेल्या नाताळात कॅरोल फेरीत, म्हणजे नाताळची गीते म्हणत घरोघरी जाताना, जमलेल्या पैशांचा हिशेब लागला नाही आणि त्यावरून दोन कुटुंबांचे एकमेकांशी बोलणे बंद झाले. त्याच सुमारास संघातील एका मुलीविषयीचा मजकूर आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरला आणि ती उपासनेला येईनाशी झाली. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीने आम्हांला आचारसंहिता तयार करायला सांगितले आहे. आमच्या मसुद्याच्या वरच्या भागात बायबलमधील गलतीकरांस पत्रातील आत्म्याच्या फळाचे नऊ गुण (प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, आत्मसंयम) आहेत आणि खाली तेवीस नियम आहेत. मुलींनी जीन्स घालू नये, संघात प्रेमसंबंध ठेवू नयेत, सलग तीन सभांना गैरहजर राहणाऱ्याचे सदस्यत्व रद्द होईल, वर्गणी न भरणाऱ्यास शिबिराला नेले जाणार नाही, संघातील बाब बाहेर कोणालाही सांगू नये, अशा स्वरूपाचे ते नियम आहेत. काही मुलांचे म्हणणे असे की, आपण नियमशास्त्राधीन नसून कृपेच्या अधीन आहोत, तेव्हा नियम हवेतच कशाला? पाळकसाहेबांनी मसुदा वाचून एवढेच सांगितले की, वरचे गुण आणि खालचे नियम यांची सांगड घाला. ती कशी घालायची हे आम्हांला कळत नाही. मार्गदर्शन करावे.”

उत्तर

प्रिय भगिनी, सप्रेम जय ख्रिस्त.

तुमच्या पाळकसाहेबांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. मसुद्याचा वरचा भाग हाताने झाकून खालचे तेवीस नियम पुन्हा वाचून पाहा. ते नियम एखाद्या वसतिगृहाचे किंवा खासगी शिकवणी वर्गाचेही असू शकतील, कारण वरच्या नऊ गुणांपैकी एकाही गुणातून त्यांतील एकही नियम निघालेला नाही. गुण शोभेसाठी वर राहिले आणि नियम भीतीपोटी खाली लिहिले गेले. गेल्या नाताळात जे घडले ते पुन्हा घडू नये ही भीती रास्तच आहे. पण केवळ भीतीपोटी लिहिलेला नियम फक्त दार बंद करतो आणि आत कसे राहायचे ते सांगत नाही.

प्रथम कृपेचा मुद्दा मांडणाऱ्या मुलांना उत्तर द्या, आणि त्यांना गप्प बसवण्यासाठी नव्हे तर त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे हे मान्य करून द्या. रोमकरांस पत्राच्या ६ व्या अध्यायातील १४ व्या वचनाचा आधार त्यांनी बरोबर घेतला आहे, आणि नियम पाळून कोणी तारण मिळवत नाही हे आचारसंहितेच्या पहिल्या ओळीतच लिहून ठेवण्यासारखे आहे. परंतु ज्या गलतीकरांस पत्रात प्रेषित पौल स्वातंत्र्यासाठी इतक्या आवेशाने भांडतो, त्याच पत्राच्या ५ व्या अध्यायात, १३ व्या वचनात, तो बजावतो की, हे स्वातंत्र्य देहवासनांना वाव देण्यासाठी वापरू नका, तर प्रीतीने एकमेकांची सेवा करा. नऊ गुणांची यादी २२ आणि २३ या वचनांत संपते. तेथून तीनच वचने पुढे तो पोकळ अभिमान, एकमेकांना चीड आणणे आणि हेवा करणे यांविषयी बोलू लागतो, आणि ६ व्या अध्यायाच्या आरंभीच, कोणी अपराधात सापडला तर त्याला सौम्यतेच्या आत्म्याने ताळ्यावर आणा, एकमेकांची ओझी वाहा, असे सांगतो. आत्म्याचे फळ आणि मंडळीतील रोजची वागणूक यांत त्याने अंतर ठेवलेलेच नाही. तुमचा मसुदा २३ व्या वचनापाशी थांबला आणि पुढचा भाग तुम्ही स्वतःच्या मनाने लिहिला, ही त्यातील खरी उणीव आहे. तो पुढचा भागही पत्रातच आहे.

गुण म्हणजे क्षणिक भावना नव्हे, हेही तरुणांना समजावून सांगावे लागेल. उपासनेत गीत म्हणताना मन भरून येते, ती प्रीती खरी असते. पण सोमवारी सकाळी ज्याच्याशी पटत नाही त्याच्याशी नीट बोलता आले, आणि महिनाभर बोलता आले, तर तो गुण झाला. प्राचीन मंडळीने विश्वास, आशा आणि प्रीती या तिघांबरोबर विवेक, न्याय, धैर्य आणि संयम असे चार गुण जोडले, आणि तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने या सातांची सविस्तर मांडणी करताना, सद्गुण म्हणजे चांगले करण्याची मुरलेली सवय होय, हीच भूमिका घेतली. कॅथलिक परंपरेत हे सात गुण धर्मशिक्षणात शिकवले जातात. आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत त्यांचा उल्लेख कमी होतो, म्हणून ते आपले नव्हेत असे कोणी म्हणू नये. पेत्राच्या दुसऱ्या पत्राचा पहिला अध्याय उघडा, तेथे विश्वासात सात्त्विकतेची, सात्त्विकतेत ज्ञानाची, ज्ञानात इंद्रियदमनाची आणि अशीच पुढे बंधुप्रेम व प्रीती यांची भर घालण्यास सांगितले आहे, आणि तीही होईल तितका प्रयत्न करून. फळ आत्म्याचे आहे आणि प्रयत्न आपला आहे. पवित्र शास्त्राला या दोहोंत विरोध वाटत नाही.

यावरून तुमच्या प्रश्नाचे उत्तर निघते. आचारसंहिता कोणालाही गुण देऊ शकत नाही, पण गुणाचा सराव करण्याचे प्रसंग ती नेमून देऊ शकते. म्हणून तेवीस नियमांपैकी प्रत्येकापुढे एकच प्रश्न ठेवा: हा नियम पाळताना कोणाला, कोणत्या प्रसंगी, कोणत्या गुणाचा सराव होतो? ज्या नियमापुढे उत्तर सुचत नाही तो काढून टाका. नंतर उलट बाजूने या: तुमच्या वर्षभराच्या कार्यक्रमात सगळ्यांत कठीण जागा कोणत्या, आणि त्या जागी कोणता गुण कमी पडतो? तुमच्याच पत्रावरून दोन जागा स्पष्ट दिसतात, पैसा आणि मोबाइल. तेथून सुरुवात करा.

कॅरोल फेरीच्या पैशांबद्दल तुमच्या मसुद्यात काय आहे ते तुम्ही कळवलेले नाही. बहुधा ‘पैशांचा गैरव्यवहार करू नये’ असे एखादे वाक्य असेल. त्या वाक्याने कोणाचेच भले होत नाही, कारण गैरव्यवहार करायचा नसलेला मुलगाही रात्री बारा वाजता, थंडीत, गिटार आणि डफ सांभाळत, खिशात कोंबलेल्या नोटा घेऊन घरी गेला, तर दुसऱ्या दिवशी त्याच्यावर संशय येणारच. पौलाने यरुशलेमेतील गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा काय केले ते करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या ८ व्या अध्यायात वाचा. एवढा मोठा प्रेषित असूनही त्याने पैसे एकट्याच्या हाती ठेवले नाहीत. आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला एक बंधू त्याने घेतला, आणि कारणही सांगितले की, या दानाच्या व्यवस्थेत आपल्याला कोणी दोष लावू नये, आणि केवळ प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्याही दृष्टीने जे चांगले ते आपण करावे. विश्वासूपणा या गुणाला व्यवहारात कोणते रूप येते ते येथे दिसते. माझा स्वतःवर विश्वास आहे, एवढे पुरेसे नाही. माझ्या शेजाऱ्याला माझ्यावर विश्वास ठेवणे सोपे जावे अशी व्यवस्था मी आनंदाने मान्य करतो, हा विश्वासूपणा होय.

म्हणून नियम असा लिहा की, फेरीला निघताना कुलूप लावलेला एकच डबा असेल आणि किल्ली डबा वाहणाऱ्याकडे नसेल. पैसे डब्यातच पडतील, कोणाच्या हातात किंवा खिशात नाही. फेरी संपल्यावर शेवटच्या घराच्या ओट्यावर, दिव्याखाली, वेगवेगळ्या घरांतील दोघे जण ते मोजतील. नोटा किती, नाणी किती, एकूण किती, हे वहीत तेथेच लिहून दोघेही सही करतील आणि त्या पानाचा फोटो त्याच रात्री खजिनदारांना आणि पाळकसाहेबांना जाईल. कोणी यूपीआयने दान दिले तर ते मंडळीच्या किंवा संघाच्या खात्यातच यावे, कोणाच्याही व्यक्तिगत क्रमांकावर नाही. हे वाचून काही जण म्हणतील की, मग विश्वास कोठे राहिला? त्यांना सांगा की, हा नियम प्रामाणिक मुलाच्या नावाचे रक्षण करण्यासाठी आहे. आज ज्या दोन कुटुंबांत बोलणे नाही, त्यांच्यात कोणी चोर असेलच असे नाही; वही नव्हती, एवढेच कदाचित घडले असेल. पंच कमिटीने त्या दोन्ही घरांना हे मोकळेपणाने सांगावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

व्हॉट्सअ‍ॅपच्या बाबतीत नियम लिहिण्यापूर्वीच एक काम करणे आवश्यक आहे. त्या मुलीच्या घरी कोणी गेले का? तुमच्या पत्रात तसा उल्लेख नाही. तिच्याविषयीचा मजकूर ज्याने टाकला, ज्यांनी पुढे पाठवला आणि ज्यांनी वाचून मौन बाळगले, अशा सर्वांच्या वतीने संघाच्या अध्यक्षांनी आणि तुम्ही, तिला व तिच्या आईवडिलांना आधी विचारून, त्यांना चालेल त्या वेळी, जाऊन क्षमा मागावी. परत ये असा आग्रह तेथे धरू नका. फक्त क्षमा मागा आणि तिचे म्हणणे ऐका. मजकूर टाकणाऱ्याने तिला भेटावे की लिहून कळवावे की काहीच करू नये, हेही तिलाच ठरवू द्या. हे न करता आचारसंहितेत ममता आणि सौम्यता हे शब्द लिहिले तर ते वाचताना तिला यातनाच होतील.

नियमाचा पाया मत्तयकृत शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायातील १५ ते १७ या वचनांत आहे: भावाने अपराध केला तर आधी एकांतात त्याच्याशी बोल, त्याने ऐकले नाही तर एकदोघांना बरोबर घे, आणि त्यानंतरच मंडळीला सांग. आपल्या ग्रुपवर हा क्रम बरोबर उलटा चालतो; आधी सर्वांना कळते आणि ज्याच्याविषयी आहे त्याला सर्वांत शेवटी. याकोबाने जिभेबद्दल आपल्या पत्राच्या ३ ऱ्या अध्यायात जे लिहिले आहे ते आज अंगठ्यालाही लागू आहे. म्हणून ‘अफवा पसरवू नये’ असे लिहिण्यापेक्षा, ‘कोणाविषयी काही ऐकले तर आम्ही आधी त्यालाच फोन करू, जो उपस्थित नाही त्याच्याविषयी ग्रुपवर लिहिणार नाही, कोणी लिहिले तर अ‍ॅडमिन ते तासाभरात काढतील आणि लिहिणाऱ्याला सर्वांसमोर नव्हे, तर एकट्याला गाठून बोलतील’, असे लिहा. यात आत्मसंयमाचा, धैर्याचा आणि सौम्यतेचा, तिन्हींचा सराव होतो, आणि अ‍ॅडमिन होणे ही मिरवण्याची गोष्ट नसून जबाबदारी आहे हेही ठरते. आणखी एका गोष्टीकडे मी तुमचे लक्ष वेधतो, कारण ती आपल्या मंडळ्यांत फार चालते: ‘प्रार्थनेसाठी विनंती’ या नावाखाली दुसऱ्याच्या घरातील गोष्टी सांगितल्या जातात. अमक्या बहिणीसाठी प्रार्थना करा, तिच्या घरी असे असे चालले आहे, हे वाक्य भक्तीच्या सुरात आले तरी ती चहाडीच असते. ज्याच्यासाठी प्रार्थना मागायची त्याची आधी परवानगी घ्यावी, आणि परवानगी नसेल तर नाव व तपशील न सांगता प्रार्थना करावी. देवाला तपशील ठाऊक आहेत. हा नियम तुमच्या आचारसंहितेत अवश्य असावा.

आता ज्या नियमावर मला सर्वांत कठोरपणे बोलायचे आहे त्याकडे येतो. ‘संघातील बाब बाहेर कोणालाही सांगू नये’ हे वाक्य आजच काढून टाका. ते लिहिताना तुमच्या मनात मंडळीची बदनामी टाळण्याचा हेतू असेल, यात मला शंका नाही. परंतु तुमच्या संघात अठरा वर्षांखालील मुले-मुली आहेत, आणि त्यांच्यापैकी कोणावर मोठ्या माणसाकडून किंवा मोठ्या मुलाकडून अत्याचार झाला, तर हेच वाक्य त्या मुलाचे तोंड बंद करण्यासाठी वापरले जाईल. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यात, ज्याला आपण पॉक्सो म्हणतो, कलम १९ नुसार असा अपराध घडल्याचे ज्याला कळले, किंवा घडण्याची शक्यता वाटली, त्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे, आणि प्रौढ व्यक्तीने ते न कळवणे हा कलम २१ नुसार दंडनीय अपराध आहे. मत्तय १८ मधील ‘आधी एकांतात बोल’ हा क्रम येथे मुळीच लावू नये. तो बरोबरीच्या दोन भावांमधील अपराधासाठी आहे, आणि ज्याने लहानाला अडखळवले त्याच्याविषयी प्रभू येशूने त्याच अध्यायाच्या ६ व्या वचनात किती भयंकर शब्द वापरले आहेत ते पाहा. पीडित मुलाला अपराध्यासमोर समेटासाठी बसवणे हा त्याच्यावरचा दुसरा आघात आहे. काढलेल्या वाक्याच्या जागी मुलांच्या सुरक्षिततेचे कलम घाला आणि त्यात स्पष्ट लिहा की, अशी गोष्ट कळल्यास ती कमिटीत चर्चेसाठी ठेवली जाणार नाही, ती पोलिसांना कळवली जाईल, मुलाचे नाव कोठेही उघड केले जाणार नाही, आणि मदतीसाठी १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक प्रत्येकाला ठाऊक असेल. शिबिरात लहान मुलांबरोबर कधीही एकच प्रौढ असणार नाही, मुलींच्या झोपण्याच्या जागी जबाबदार स्त्री असेल, आणि संघाचा कोणताही पदाधिकारी अठराखालील सदस्याशी एकांतात खासगी चॅट करणार नाही, हेही त्यातच येऊ द्या. येथे लागणारा गुण म्हणजे धैर्य. मंडळीचे नाव वाचवण्यासाठी गप्प राहणे ही निष्ठा नव्हे.

जीन्सबद्दल मी थोडक्यात लिहितो. पौल तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ५ व्या अध्यायात, २ ऱ्या वचनात, तरुण स्त्रियांशी बहिणींप्रमाणे पूर्ण शुद्धभावाने वागण्यास सांगतो, आणि हे तो एका तरुण पुरुषाला सांगतो, हे ध्यानात घ्या. तुमच्या मसुद्यात शुद्धतेचा सगळा भार मुलींच्या कपड्यांवर टाकला आहे आणि मुलांच्या नजरेविषयी, थट्टेविषयी, फोटो काढण्याविषयी एक अक्षर नाही. उपासनेला साजेसा, नीटनेटका पोशाख सर्वांनी करावा, एवढे एक वाक्य पुरे. आणि त्याच्या जोडीला, कोणाच्या अंगावर, रंगावर, कपड्यांवर शेरा मारला जाणार नाही आणि विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढला किंवा टाकला जाणार नाही, हे वाक्य अधिक गरजेचे आहे. प्रेमसंबंधांवरील बंदीही मागे घ्या. पंचवीस वर्षांचा मुलगा आणि तेवीस वर्षांची मुलगी एकाच मंडळीत वाढून लग्नाचा विचार करत असतील तर त्यात पाप काय आहे? बंदी घातली तर ते तुमच्यापासून लपवतील, आणि लपवण्यातूनच पुढचे अनर्थ होतात. प्रौढांनी प्रामाणिक असावे, पाळकांचा किंवा वडीलधाऱ्यांचा सल्ला घ्यावा आणि संघाच्या कामात आपल्या नात्याचा अडथळा येऊ देऊ नये, असे सुचवणे योग्य होईल. अठराखालील मुलांचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याची मर्यादा वर आलीच आहे.

वर्गणीच्या नियमाने मला दुःख झाले. सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळकट कपड्यातल्या गरिबाला पायाशी बस म्हणणे, हे याकोबाने दुसऱ्या अध्यायात पक्षपात म्हणून ठरवले आहे. ज्या घरात उसाची तोड किंवा कांद्याची काढणी यांवर वर्ष चालते त्या घरातला मुलगा शिबिराचे पैसे जूनमध्ये देऊ शकेल, एप्रिलमध्ये नाही, किंवा कधीच देऊ शकणार नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या ६ व्या अध्यायात रोजच्या वाटपात काही विधवांकडे दुर्लक्ष होते अशी कुरकुर झाली तेव्हा प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना दटावले नाही, तर नावाजलेली सात माणसे नेमून व्यवस्था सुधारली. तुम्हीही तेच करा: वर्गणी कोणी भरली आणि कोणी नाही हे फक्त खजिनदार आणि पाळकसाहेब यांनाच ठाऊक असेल, यादी भिंतीवर किंवा ग्रुपवर लागणार नाही, आणि शिबिराच्या खर्चात काही जागा आधीच राखून ठेवल्या जातील. नाताळच्या गीत संचासाठी सर्वांनी एकसारखा नवा पोशाख शिवण्याची प्रथा तुमच्याकडे असेल तर तिचाही याच दृष्टीने विचार करा. न्याय हा गुण असा छोट्या व्यवस्थांतून अंगी बाणतो.

तीन गैरहजेऱ्यांच्या नियमामागे एक जुना इतिहास आहे आणि तो जाणून घेण्यासारखा आहे. १८८१ साली अमेरिकेतील मेन राज्यात, पोर्टलंड येथे, फ्रान्सिस क्लार्क या पाळकांनी तरुणांसाठी ख्रिश्चन एन्डेव्हर ही संस्था सुरू केली, आणि पुढे ती जगभर पसरली. तिच्या सक्रिय सदस्याला प्रतिज्ञा करावी लागे: रोज प्रार्थना व पवित्र शास्त्राचे वाचन, प्रत्येक सभेला उपस्थिती, आणि गाण्याखेरीज सभेत काही ना काही सहभाग. महिन्यातून एकदा समर्पणाची सभा होई, तीत नावे पुकारली जात, आणि अशा लागोपाठ तीन सभा जो सबब न कळवता चुकवी त्याचे सदस्यत्व संपत असे. ही कडक शिस्त चालली, कारण प्रतिज्ञा ज्याने त्याने स्वखुशीने घेतलेली होती, आणि ज्यांची अद्याप तयारी नव्हती त्यांच्यासाठी सहयोगी सदस्यत्वाची वेगळी वाट ठेवलेली होती. तुम्ही ती शिक्षा घेतली, पण तिच्यामागची प्रतिज्ञा आणि वेगळी वाट, दोन्ही घेतल्या नाहीत. शिवाय तुमच्या चाळीस जणांत एमआयडीसीत पाळीवर जाणारे, पोलीस भरतीचा सराव करणारे, रविवारीही दुकानावर बसावे लागणारे असतीलच. इब्री लोकांस पत्राच्या १० व्या अध्यायात, २५ व्या वचनात, एकत्र मिळणे न सोडण्याचा बोध आहे, आणि त्याच वाक्यात एकमेकांना उत्तेजन देण्याचाही आहे. म्हणून नियमाचे तोंड फिरवा: कोणी सलग दोन सभांना आला नाही तर तिसऱ्या सभेपूर्वी त्याच्या गटातील ठरलेला सोबती त्याला भेटेल किंवा फोन करेल, आणि तो का आला नाही याची चौकशी वहीत लिहिण्यासाठी नव्हे तर त्याला काय हवे ते विचारण्यासाठी करेल. आधी जबाबदारी गैरहजर राहणाऱ्यावर होती, आता ती हजर असणाऱ्यांवर आली; सहनशीलतेचा आणि आशेचा सराव त्यांनाच करायचा आहे.

शिस्तभंगाचे कलम मात्र ठेवावे लागेल, आणि ते अध्यक्षांना, पंचांच्या मुलांना व उत्तम गाणाऱ्या, ज्याच्यावाचून गीत संच अडतो अशा मुलालाही सारखेच लागू असावे. शिक्षा किती दिवसांची आणि परत येण्याचा मार्ग कोणता, हे शिक्षा सांगतानाच सांगितले पाहिजे. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या २ ऱ्या अध्यायात, ज्याला शिक्षा झाली होती त्याला आता क्षमा करा व धीर द्या, नाहीतर तो अति दुःखाने बुडून जाईल, असे पौल लिहितो. पुष्कळ मंडळ्यांत शिक्षा देणारे असतात, पण ती संपली हे मोठ्याने सांगणारे कोणी नसते. कालावधी संपल्यावर त्या सदस्याला सभेत पुढे बोलावून काम सोपवण्यात यावे, असे एक वाक्य घाला.

मसुदा पुन्हा लिहिण्यासाठी बसाल तेव्हा पंचांनी किंवा तुम्ही आधी बोलू नका. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी जे नियम लिहिले, त्यांच्या तिसऱ्या प्रकरणात महत्त्वाच्या कामी सर्वांना बोलवावे असे सांगितले आहे, कारण पुष्कळदा प्रभू अधिक चांगली गोष्ट वयाने लहान असलेल्याला प्रकट करतो. तुमच्याकडील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना आधी विचारा: आपल्या संघात तुम्हांला कोणत्या क्षणी अवघडल्यासारखे होते? त्यांची उत्तरे चिठ्ठीवर, नाव न घालता घ्या. तेवीस नियमांत जे आले नाही ते तेथे दिसेल. नंतर सर्व मिळून एका पानावर बसेल एवढीच संहिता लिहा, ‘नये’ऐवजी ‘आम्ही’ने सुरू होणाऱ्या वाक्यांत, आणि प्रत्येक वाक्याशेजारी तो गुण व ते वचन. मग नऊ गुणांची यादी वर वेगळी लिहिण्याची गरजच उरणार नाही. आनंद आणि शांती यांच्यासाठी नियम शोधत बसू नका. बाकीचे सात जेथे आचरले जातात तेथे हे दोन मागावे लागत नाहीत, आणि हुकुमाने आणलेला आनंद तरुणांना चटकन ओळखू येतो.

संहिता मंजूर झाल्यावर ती एका वर्षासाठीच असावी. अठराखालील सदस्यांच्या पालकांना तिची प्रत द्या आणि मुलांच्या सुरक्षिततेचे कलम त्यांना वाचून दाखवा. नोव्हेंबरमध्ये, कॅरोलच्या सरावाची पहिली तारीख ठरवण्यापूर्वी, ती सर्वांसमोर पुन्हा वाचा, कोणते वाक्य कोणालाच पाळता आले नाही ते विचारा, आणि त्या वाक्यात दुरुस्ती हवी की आपल्यात, याचा निर्णय त्याच सभेत घ्या.